रानपक्ष्यांचे विषाणू कोंबड्यांपासून दूर ठेवताना: आधी काय, नंतर काय

जाळी लावलेली असते, दारात जंतुनाशकाचं टाकं असतं, पाण्यात क्लोरीनही पडत असतं, आणि तरी आजार शिरतो. अशा ठिकाणी नीट पाहिलं तर बहुतेक कामं झालेली दिसतात. चुकलेला असतो तो क्रम. सांडलेलं खाद्य तसंच ठेवून वर जाळी ताणलेली असते. चिमण्या आत असतानाच फटी बुजवलेल्या असतात. आधी शेड धुतली जाते आणि मग आठवडाभर छपराचं काम चालतं, तोवर पारवे पुन्हा तुळयांवर बसून गेलेले असतात.

यामागे एक समज आहे: रानपक्षी शेडमध्ये शिरला तरच धोका. प्रत्यक्षात पक्षी बऱ्याचदा बाहेरच राहतो. आत जाते ती त्याची विष्ठा, आणि तिला आत नेणारी वस्तू आपलीच असते. बूट, फावडं, हातगाडीचं चाक, लिटरचं (कोंबड्यांच्या पायाखाली पसरायच्या भुशाचं किंवा तुसाचं) पोतं, उघड्या टाकीतलं पाणी. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती बांधले आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करा. मधला टप्पा गाळला तर त्याच्या पुढचे टप्पे बरेचसे वाया जातात.

## सुरुवातीआधी: विषाणू येतो कुठून

बर्ड फ्लूच्या विषाणूंचं मूळ घर म्हणजे पाणपक्षी: बदकं, हंस, कुरव, चिखलात चोच खुपसून खाणारे किनारी पक्षी. रानबदक विषाणू पोटात घेऊन अगदी ठणठणीत उडत राहू शकतं. विषाणू त्याच्या आतड्यांत वाढतो आणि विष्ठेतून पाण्यात व जमिनीवर पडतो. तळ्याच्या पाण्यात तो २२ अंश सेल्सिअसला सुमारे ४ दिवस, तर ० अंशाच्या आसपास ३० दिवसांहून जास्त टिकलेला प्रयोगांत आढळला आहे. गारवा, ओल आणि सावली त्याला मानवते. कडक ऊन आणि कोरडेपणा मानवत नाही. म्हणून शेडच्या सावलीच्या बाजूला कायम ओली राहणारी जागा ही तुमच्या आवारातली सगळ्यात धोक्याची जागा समजा.

बर्ड फ्लूच्या एच५ आणि एच७ या गटांतले विषाणू सौम्य रूपात शिरून कोंबड्यांमध्ये फिरता फिरता घातक होऊ शकतात. त्यामुळे थोडीशी मरगळ, किंचित घटलेली अंडी यांकडेही काणाडोळा करून चालत नाही.

दुसरा मोठा आजार राणीखेत, म्हणजेच मानमोडी. त्याचा एक प्रकार कबुतरांत आणि पारव्यांत फिरतो, काही भागांत पाणकावळ्यांमध्येही घातक प्रकार सापडतात. लस दिलेला कळप आजारापासून बराचसा वाचतो, पण लागण होणं आणि विष्ठेतून विषाणू बाहेर पडणं लसीने पूर्ण थांबत नाही. लस दिली म्हणून पारव्यांना मोकळीक देऊ नका.

आता मधले दुवे. तळ्यावरचं बदक तुमच्या दारात कदाचित कधीच येणार नाही. कावळा, साळुंकी, चिमणी आणि पारवा मात्र दोन्हीकडे जातात. रोजच्या कामात आपली गाठ यांच्याशीच आहे.

सूचना: रानपक्षी मारणं हा उपाय नाही. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना या दोन्ही संस्था त्याच्या विरोधात आहेत. बंदुकीने किंवा फटाक्यांनी थवे पांगतात आणि आजारी पक्षी आणखी लांब पसरतात. शिवाय पक्षी जगावेत हीही आपलीच जबाबदारी आहे. या विषाणूंनी त्यांचेही थवेच्या थवे मेले आहेत.

## टप्पा १: पाहणी आणि नकाशा

कोणतंही सामान विकत घेण्याआधी हे करा. एका कागदावर आवाराचा कच्चा नकाशा काढा: शेड, खाद्याची कोठी, पाण्याची टाकी, लिटरचा साठा, खताचा ढीग, मेलेले पक्षी टाकण्याची जागा, झाडं, डबकी, गाड्या थांबण्याची जागा.

मग सूर्योदयानंतर लगेच आणि सूर्यास्ताआधी, या दोन्ही वेळी शांतपणे उभे राहून पाहा. पक्षी त्या वेळी सर्वांत जास्त हालचाल करतात. दुपारी पाहणी करणारे बहुतेक जण "आमच्याकडे पक्षीच नाहीत" असं म्हणून मोकळे होतात. प्रत्येक पक्षी कुठून येतो, कुठे बसतो आणि तिथे त्याला काय मिळतं, हे नकाशावर मांडा. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढचा टप्पा त्याच्याच उत्तरावर उभा आहे.

शेवटी विष्ठा शोधा. तुळयांखाली, दाराच्या पायरीवर, टाकीच्या झाकणावर, पोत्यांवर, पंख्यांच्या चौकटीवर. पक्षी दिसला नाही तरी पांढरे डाग खोटं बोलत नाहीत.

तपासा: नकाशावर विष्ठेची जागा आणि माणसांच्या ये-जा करण्याची वाट एकमेकांना जिथे छेदतात, तिथे लाल खूण करा. या खुणांवरून कामांचा अग्रक्रम ठरवायचा आहे.

## टप्पा २: आमिष काढून टाका

जाळीआधी हे काम. भुकेला पक्षी फट शोधतो; खायला काही नसेल तर तो शोधायचे कष्टच घेत नाही.

खाद्य. कोठीखाली, पाइपच्या जोडाखाली, पोती उतरवताना सांडलेलं खाद्य त्याच दिवशी उचला. उचललेलं खाद्य परत भांड्यात टाकू नका. त्यावर कोण बसून गेलं ते आपल्याला दिसलेलं नसतं. कोठीचं झाकण आणि पोत्यांच्या खोलीचं दार ही दोन ठिकाणं रोज पाहा.

पाणी. गळका नळ, चाकोऱ्यांत साचलेलं पाणी, तुंबलेली पन्हळ. खड्डे मुरुमाने भरा, उतार शेडपासून दूर न्या. आवारात तळं असेल आणि बुजवता येत नसेल तर त्यावर जाळी किंवा आडव्या तारा ताणा आणि त्या तळ्याकाठून शेडकडे येणारी पायवाट बंद करा.

मेलेले पक्षी आणि खत. उघड्यावर टाकलेली मेलेली कोंबडी कावळे, घारी, कुत्री आणि मांजरं यांना एकाच वेळी बोलावते. रोजची मरतुक झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा शेडपासून दूर, आवाराच्या कडेला असू द्या. तो न्यायला येणाऱ्या गाडीने आत येण्याची गरज पडता कामा नये. खताचा ढीग झाकलेला हवा.

झाडं आणि गवत. शेडला टेकलेल्या फांद्या छाटा. भिंतीभोवती साधारण १ मीटर रुंदीचा खडीचा किंवा काँक्रीटचा पट्टा ठेवा. त्यावर विष्ठा चटकन दिसते, झाडून काढता येते आणि उंदरांनाही लपायला जागा उरत नाही. आवारातलं प्रत्येक झाड तोडायची मात्र काहीच गरज नाही.

नेहमीची चूक: बुजगावणं, चकचकीत फिती, घुबडाचा पुतळा. पक्षी थोड्याच दिवसांत त्यांना सरावतात. आमिष काढल्यावर जोडीला म्हणून ठीक, पण आमिषाच्या जागी नको. लेझरचा झोत पाणपक्ष्यांना मैदानापासून दूर ठेवायला उपयोगी पडतो. मात्र परिसरात आजार पसरलेला असताना थवे हुसकावू नका.

## टप्पा ३: शेड बंद करा, मग धुवा

हा टप्पा शेड रिकामी असताना करायचा. बॅच (एका वेळी वाढवलेला कोंबड्यांचा गट) चालू असेल तर तात्पुरत्या दुरुस्त्या करा आणि पक्कं काम दोन बॅचच्या मधल्या काळावर ठेवा.

१. आधी आतले पक्षी बाहेर काढा. संध्याकाळी एकच दार उघडं ठेवा, आतले दिवे मालवा आणि बाहेर उजेड राहू द्या. पक्षी उजेडाकडे जातात. गेल्याची खात्री झाल्यावरच फटी बुजवायला घ्या.

२. घरटी पाहा. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं काढू नका. अनेक प्रजातींना कायद्याचं संरक्षण असतं; पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा किंवा वनखात्याला विचारा. रिकामं घरटं काढताना हातमोजे आणि मास्क घाला, आधी पाणी शिंपडा, धूळ उडू देऊ नका.

३. आता जाळी. छिद्र २ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान हवं. मोठ्या छिद्रांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, चिमणीला बाहेर ठेवत नाही. वेल्डची ताठ जाळी टिकाऊ असते. नायलॉनची सैल पडते आणि उंदीर ती कुरतडतात. उंदरांसाठी जमिनीलगतच्या पट्ट्यात ६ मिलिमीटरची जाळी लावा.

४. वळचण, छपराच्या पन्हाळी पत्र्यांची तोंडं, मधला हवा जाण्याचा कणा, पंख्यांची झापं, पाइप आणि वायर आत येतात ती भोकं. बाजूच्या भिंतींना सुंदर जाळी आणि वर पत्र्याखाली हात जाईल एवढी फट, हे चित्र फारच सर्रास दिसतं. झापं बंद पंख्यावर पूर्ण मिटली पाहिजेत. धूळ साचली की ती अर्धवट उघडी राहतात.

५. दार. आपोआप मिटणारी स्प्रिंग लावा. दिवसभर दगड लावून उघडं ठेवलेलं दार बाकीच्या सगळ्या जाळीची किंमत शून्य करतं.

तपासा: भर दुपारी दारं आणि पडदे लावून आत उभे राहा. वरच्या भागात जिथून उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे. २ सेंटिमीटर जाडीची काठी कुठूनही आत जाता कामा नये.

शेड बंद झाल्यावरच धुलाई, आणि तिचाही क्रम असतो. आधी जुनं लिटर काढा आणि कोरडं झाडून, खरवडून घ्या. मग साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या पाण्याने धुवा. स्वच्छ पाण्याने खळखळून काढा. वाळू द्या. त्यानंतर जंतुनाशक, आणि पुन्हा वाळवणं. ओल्या फरशीवर जंतुनाशक मारलं तर ते पातळ होतं. विष्ठेच्या थरावर मारलं तर थरच त्याची ताकद शोषून घेतो. बर्ड फ्लू आणि राणीखेत या दोन्ही विषाणूंना चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो. म्हणून साबणाची धुलाई ही जंतुनाशकाआधीची निव्वळ तयारी समजू नका, निम्मं काम तिनेच होतं.

धोका: क्लोरीनयुक्त द्रावण आणि आम्ल कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.

## टप्पा ४: पाणी आणि लिटर

जाळीतून न येणारा विषाणू पाइपातून येतो. तळ्याचं, ओढ्याचं किंवा छपरावरून साठवलेलं पाणी पक्ष्यांच्या विष्ठेपासून मुक्त नसतं, हे गृहीत धरूनच चाला.

टाकीला घट्ट झाकण लावा आणि जादा पाणी जाण्याच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, मग क्लोरीन. उलट केलं तर क्लोरीन गाळातच खर्च होतं. हिशोब असा: १००० लिटर पाण्यात ३ पीपीएमसाठी (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) ३ ग्रॅम क्लोरीन लागतं. १० टक्के ताकदीच्या द्रावणाचे ३० मिलिलिटर म्हणजे तेवढं. द्रावण जुनं किंवा उन्हात ठेवलेलं असेल तर ताकद घटलेली असते. मिसळल्यावर किमान अर्धा तास थांबा, मगच पाणी सोडा.

पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ च्या वर असेल तर क्लोरीनचा बराचसा भाग दुबळ्या रूपात राहतो. ६.५ ते ७ च्या आसपास ते सर्वांत चांगलं काम करतं. त्यामुळे पीएचची पट्टी आणि क्लोरीनची पट्टी दोन्ही जवळ ठेवा. क्लोरीन वाढवत नेऊनही फरक पडत नसेल तर बहुधा पीएच चुकलेला असतो.

तपासा: मोजमाप टाकीपाशी करू नका, शेवटच्या निपलपाशी (कोंबड्या चोचीने दाबून पाणी पितात त्या तोटीपाशी) करा. तिथे २ ते ३ पीपीएम मिळायला हवं. टाकीत भरपूर आणि शेवटी शून्य येत असेल तर पाइपांच्या आत बुळबुळीत थर साचला आहे. बॅच संपल्यावर लाइन धुवा.

नेहमीची चूक, आणि फार नुकसानीची: पिण्याच्या पाण्यातून राणीखेतची जिवंत लस देताना क्लोरीन चालू ठेवणं. क्लोरीन लसीचा विषाणूही मारतं आणि कळप कागदावरच संरक्षित राहतो. लसीआधी किमान २४ तास आणि नंतरही २४ तास क्लोरीन बंद ठेवा. लसीच्या पाण्यात आधी दर लिटरला सुमारे २.५ ग्रॅम सायीविना दूध पावडर मिसळा, म्हणजे उरलंसुरलं क्लोरीन निष्प्रभ होतं. दुसऱ्या दिवशीचं घड्याळ लावून क्लोरीन पुन्हा सुरू करा. हे विसरण्याचं प्रमाण मोठं आहे.

लिटर. भुसा, तूस किंवा पेंढा उघड्यावर साठवला तर त्यावर पक्षी बसतात, रात्री झोपतातही. नंतर तोच ढीग आपण कोंबड्यांच्या पायाखाली पसरतो. बंद खोलीत साठवा आणि शक्यतो पूर्ण बॅचचं लिटर सुरुवातीलाच आत घ्या. वरचा थर भिजलेला किंवा विष्ठेने माखलेला दिसला तर तो ढीग वापरू नका. वरवरचा थर काढून खालचं घेण्याची तडजोडही नको.

## टप्पा ५: दाराची रेषा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. माझ्या मते एवढं एक जरी काटेकोर झालं तरी रानपक्ष्यांकडून येणारा धोका निम्म्याहून खाली जातो. आणि याला खर्च जवळजवळ नाहीच.

शेडच्या दाराच्या आत एक छोटी खोली किंवा निदान एक कोपरा ठरवा. त्याच्या मधोमध गुडघ्याएवढ्या उंचीचा आडवा बाक ठेवा. बाकाच्या अलीकडे बाहेरची बाजू, पलीकडे आतली. मधे मोकळी वाट सोडू नका. बाक ओलांडल्याशिवाय आत जाता येऊ नये.

१. बाहेरच्या बाजूला बाकावर बसा आणि बाहेरचे बूट काढा. पाय बाहेरच्या जमिनीला टेकवू नका.

२. बसल्या बसल्या पाय उचलून आतल्या बाजूला न्या.

३. हात साबणाने धुवा. पाण्याची सोय नसेल तर हाताला लावायचं जंतुनाशक चालेल, पण हात मातीने माखलेले असतील तर त्याचा उपयोग होत नाही.

४. आतला अंगरखा चढवा, मग आतले बूट घाला. प्रत्येक शेडचे बूट वेगळे आणि वेगळ्या रंगाचे हवेत. रंग वेगळा असला की चूक दहा पावलांवरून दिसते.

५. बाहेर पडताना हाच क्रम उलटा.

आतले बूट कधीही, कुठल्याही कारणाने बाहेर जात नाहीत. बहुतेक ठिकाणी रेषा नेमकी इथे तुटते: बादली बाहेर राहिली, वीज गेली, मालाची गाडी आली, आणि आतल्याच बुटांनी माणूस दोन मिनिटं बाहेर जाऊन आला. म्हणून फावडं, बादली, झाडू, दिवा, दुरुस्तीची हत्यारं यांचा एक संच प्रत्येक शेडमध्ये कायमचा ठेवा. बाहेर जाण्याचं कारणच उरू नये.

मग जंतुनाशकाचं टाकं? ठेवा, पण बूट बदलण्याच्या जोडीला. बूट आधी ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासायचे, मग टाक्यात. जंतुनाशकाच्या वेष्टनावर सांगितलेला वेळ पाय आत राहिला पाहिजे. चालता चालता बुडवलेला पाय फक्त ओला होतो. द्रावण रोज बदला, गढूळ झालं तर त्याआधीही. वर छप्पर हवं, नाहीतर पाऊस ते पातळ करतो आणि ऊन त्याची ताकद घालवतं. गढूळ टाकं म्हणजे विषाणू पसरवायची सोय.

तपासा: दाराबाहेरच्या पायरीवर खडूची भुकटी पसरा आणि कोणाला न सांगता एक पाळी जाऊ द्या. नंतर पांढरे ठसे आत कुठवर गेले ते पाहा. कामगारांना दोष देण्यासाठी हे करू नका. ठसे त्यांनाही दाखवा. वाट कुठे गैरसोयीची आहे ते तेच तुम्हाला नेमकं सांगतील.

एकाहून जास्त शेड असतील तर फेरीचा क्रम ठरवा: लहान पिल्लांकडून मोठ्यांकडे, निरोगी शेडकडून संशयित शेडकडे. बदकं पाळत असाल तर त्यांच्याकडे सर्वांत शेवटी जा, कारण बदक लक्षण न दाखवता विषाणू वाहू शकतं. कोंबड्या आणि बदकं एकाच छपराखाली किंवा एकाच पाण्यावर ठेवू नका.

## टप्पा ६: गाड्या, ट्रे, माणसं

रानपक्षी बहुधा पहिली ठिणगी टाकतात. पुढे एका फार्मवरून दुसऱ्यावर विषाणू नेतात ती माणसं, गाड्या आणि सामान. गाड्या फाटकाबाहेर थांबाव्यात. आत आणावीच लागली तर चाकं आधी धुऊन मग फवारणी. अंड्यांचे कागदी ट्रे परत घेऊ नका, प्लॅस्टिकचे धुऊन आणि वाळवूनच घ्या. ज्याच्या घरी कबुतरं किंवा कोंबड्या आहेत, जो पाणपक्ष्यांची शिकार करतो किंवा पाणथळीवर काम करतो, त्याने घरून आलेल्या कपड्यांत शेडमध्ये जाऊ नये. अंघोळ आणि कपडे बदलणं सक्तीचं. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि तारीख वहीत लिहा. ती वही टप्पा ८ मध्ये लागेल.

## टप्पा ७: मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्या

इथे बंद शेडचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत, म्हणून लोक सगळंच सोडून देतात. तसं करू नका. खाद्य आणि पाणी छपराखालीच द्या, मोकळ्या जागेत कधीही नाही. मैदान पाणथळीच्या उलट दिशेला ठेवा. पावसाचं पाणी साचणारा कोपरा कुंपणाबाहेर काढा.

जाळीचं छत घातलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. जाळी पक्ष्याला अडवते, वरून पडणाऱ्या विष्ठेला नाही. कोंबड्या जिथे सर्वांत जास्त वेळ असतात तेवढ्या भागावर तरी पत्र्याचं किंवा जाड प्लॅस्टिकचं छत हवं.

पाणपक्ष्यांच्या स्थलांतराच्या दिवसांत, किंवा परिसरात आजार आढळल्याचं सरकारी खात्याने जाहीर केल्यावर, कोंबड्या आत घ्याव्या लागतील. ती आतली जागा आजच तयार ठेवा. ऐन वेळी दाटीवाटीने कोंबलेला कळप एकमेकांना टोचू लागतो. आधीपासून दर आठवड्याला थोडा वेळ आत राहण्याची सवय लावा.

## टप्पा ८: रोजची नोंद आणि संशय आल्यावरचे पहिले तास

रोज ठरलेल्या एकाच वेळी चार आकडे लिहा: पाणी, खाद्य, अंडी, मरतुक. पाणी पहिलं लिहिलं आहे ते मुद्दाम. आजारी कळपात अनेकदा तोच आकडा सर्वांत आधी हलतो. पाण्याचा मीटर बसवा, अंदाजाने लिहू नका.

किती फरक पडला म्हणजे गंभीर? युरोपीय संघाच्या २००५ च्या जैवसुरक्षा नियमांतले निकष वापरण्यासारखे आहेत: खाद्य-पाण्यात २० टक्क्यांहून जास्त घट, सलग दोन दिवसांहून जास्त काळ अंड्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, किंवा आठवड्यात ३ टक्क्यांहून जास्त मरतुक. या रेषा ओलांडायची वाट पाहत बसू नका. एकाएकी मरण, सुजलेलं डोकं, निळसर तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी), पायांवर लालसर चट्टे, हिरवट पातळ हगवण, वाकडी मान, मऊ कवचाची अंडी, यांपैकी काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, संशय धरा. बर्ड फ्लू आहे की राणीखेत हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

मग याच क्रमाने:

१. फाटक बंद. कोंबडी, अंडं, खत, ट्रे, गाडी, काहीही बाहेर जाणार नाही.

२. पशुवैद्यकाला आणि पशुसंवर्धन खात्याला फोन. आधी स्वतः औषध करून पाहणं नको. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत आणि त्यात जाणारे दिवस सर्वांत मोलाचे असतात.

३. संशयित शेडमध्ये जाणारा माणूस एकच, आणि तो दुसऱ्या शेडमध्ये जाणार नाही. त्याला हातमोजे, एन९५ मास्क, डोळ्यांवर बंद चष्मा.

४. मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत, झाकणाच्या डब्यात. पुरू नका, जाळू नका, चिरून पाहू नका. त्यांतूनच नमुना घ्यायचा असतो. उघड्यावर चिरलेली कोंबडी आवारभर विषाणू पसरवते.

५. मागच्या ३ आठवड्यांत कोण आलं, काय आलं, काय गेलं याची यादी वहीवरून काढा.

नमुने तज्ज्ञालाच घेऊ द्या. घशातले आणि गुदद्वारातले बोळे ठरलेल्या द्रावणात घालून बर्फावर जातात. स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा विषाणू मारून टाकतो.

नेहमीची चूक: भीतीपोटी उरलेला कळप घाईने विकणं. त्या एका गाडीतून विषाणू बाजारात आणि तिथून अनेक फार्मवर पोहोचतो.

## टप्पा ९: आवारात मेलेला रानपक्षी सापडला तर

हात लावू नका. कुत्री आणि मांजरं बांधून ठेवा. मांजरांना बर्ड फ्लूचा विषाणू लागतो आणि ती दगावतात. जागेवर बादली पालथी घाला, म्हणजे कावळे तो ओढून नेणार नाहीत. पशुसंवर्धन खात्याला कळवा. दोन-तीन पाणपक्षी एकाच वेळी मेलेले दिसले, किंवा कावळे झाडाखाली पडू लागले, तर लगेच कळवा.

पक्षी उचलायला सांगितलं गेलं तर हातमोजे आणि मास्क घालून, पिशवी हातावर उलटी चढवून पक्षी धरा आणि पिशवी त्याच्यावरून ओढून घ्या. तोंड बांधा, दुसऱ्या पिशवीत ठेवा. हातमोजे काढून हात साबणाने धुवा. ती जागा आधी साबणाच्या पाण्याने आणि मग जंतुनाशकाने भिजवा. ज्याने पक्षी उचलला त्याने त्या दिवशी कोंबड्यांकडे जाऊ नये.

पुढचे १० दिवस त्या माणसाच्या तब्येतीवर लक्ष ठेवा. ताप, खोकला, घसा दुखणं किंवा डोळे लाल होणं यांपैकी काही झालं तर डॉक्टरांकडे जाताना मेलेल्या पक्ष्याशी संपर्क आल्याचं सर्वांत आधी सांगा. उपचाराचं औषध लवकर सुरू झालं तरच चांगलं लागू पडतं.